नेट जातं म्हणजे नेमकं काय जातं?

गेल्या वर्षीच्या जूनची वीस तारीख. रात्री पावणेआठला मावशीच्या घरून काकांचा फोन आला. हॅलो वगैरे काही नाही, थेट, "अरे, पुन्हा गेलं!"

काका बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्यात राहतात. निवृत्त झाल्यापासून पाचसहा दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघतात. जीएसटीआर-३बी, म्हणजे जीएसटीचं दरमहाचं विवरणपत्र, भरायची शेवटची तारीख वीस. म्हणजे ज्या दिवशी नेट जायला नको, नेमकं त्याच दिवशी ते गेलं होतं. पोर्टलवर आकडे भरून झाले, ओटीपी मागवला, तो मोबाइलवर आलासुद्धा, आणि तेवढ्यात संगणकावर पृथ्वीच्या गोळ्याचं ते करडं चित्र उमटलं. तीन मिनिटांनी नेट परत आलं, तेव्हा पोर्टलने काकांना बाहेर काढलेलं होतं. पुन्हा पहिल्यापासून.

नेटवाल्याचा माणूस तोवर दोनदा येऊन गेला होता. दोन्ही वेळा त्याने डब्याकडे बघितलं, "काका, लाइट लीली छे ने? तो बराबर छे," असं म्हणाला आणि गेला. तो खोटं बोलत नव्हता. तो आला तेव्हा दिवा हिरवाच होता.

अशी घरं बडोद्यात काय, सगळीकडेच आहेत. नेट पूर्ण बंद पडलं तर बरं, तक्रार करता येते. पण हे जे येऊन-जाऊन असतं ना, ते माणसाला वेडं करतं. काकांच्या घरचा गुंता सोडवताना जे जे करावं लागलं, तेच इथे क्रमाने सांगतो. खर्च अगदी थोडा आला, वेळ मात्र बराच गेला.

आजव्यापासून मोरीतल्या नळापर्यंत

आपण "नेट गेलं" म्हणतो तेव्हा नेट ही एकच वस्तू असल्यासारखं बोलतो. तसं नसतं. पाण्याचं उदाहरण घ्या. सयाजीरावांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला आजवा तलाव अजूनही शहराला पाणी देतो. तलावातून मोठी जलवाहिनी, तिच्यातून गल्लीतली लाइन, मग वाड्याची टाकी आणि शेवटी मोरीतला नळ. नळाला पाणी नाही म्हणून कुणी आजव्याला जाऊन बघत नाही. आधी टाकी बघतो, मग शेजाऱ्याला विचारतो, "तुमच्याकडे आलंय का?"

नेटचेही असेच चार टप्पे आहेत. पहिला, संगणकापासून राउटरपर्यंतचा. राउटर म्हणजे घरातला तो शिंगांचा डबा, जो एका जोडणीतून सगळ्यांना वाटा देतो. हा टप्पा वायरने असेल किंवा हवेतून, म्हणजे वायफायने. दुसरा टप्पा म्हणजे राउटर स्वतः आणि त्याला मिळणारी वीज. तिसरा, राउटरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत जाणारी फायबरची तार. ही काचेची, केसासारखी बारीक असते आणि तिच्यातून विजेऐवजी प्रकाश धावतो. प्रकाशाचं विजेत रूपांतर करणाऱ्या डब्याला ओएनटी म्हणतात. हल्ली बहुतेक घरांत ओएनटी आणि राउटर एकाच डब्यात असतात. चौथा टप्पा कंपनीच्या केंद्रापासून पुढे, जिथे जीएसटीचं पोर्टल किंवा तुमचा व्हिडिओ कॉल असतो तिथपर्यंत.

चौथ्या टप्प्यावर आपला काहीच ताबा नाही. तिसऱ्यावर थोडा आहे, तोही फोन करण्यापुरता. पण पहिले दोन पूर्णपणे आपल्या घरात आहेत, आणि माझ्या अनुभवात अधूनमधून जाणारं नेट बहुतेक वेळा याच दोघांत अडकलेलं सापडतं. म्हणून नवा राउटर, मोठा प्लॅन, दुसरी कंपनी असलं काहीही करण्याआधी एवढंच शोधायचं, की चारातला कुठला टप्पा लंगडतोय.

दाताच्या डॉक्टरकडे गेलं की दाढ दुखायची थांबते

येऊन-जाऊन होणाऱ्या बिघाडाची खरी अडचण हीच. बघायला जावं तर तो नसतो. त्यामुळे त्याला पकडायचं तर आपण नसतानाही कुणीतरी पहाऱ्यावर हवं, आणि त्या पहारेकऱ्याने वेळ टिपून ठेवायला हवी.

काकांना मी सांगितलं, एक वही करा. कधी गेलं, कधी आलं, त्या वेळी डब्यावरचे कुठले दिवे लागलेले होते, आणि घरात काय चाललं होतं. शेवटचा रकाना महत्त्वाचा. काका जन्माचे हिशेबनीस. त्यांनी जुना रोजमेळ काढला, पट्टीने रेघा मारल्या, आणि "शेरा" असा रकाना घातला. आठ दिवसांत माझ्या हातात जे पान आलं, ते बघून मला कौतुकच वाटलं. गडबडीत आपण "सारखं जातं" म्हणतो. वहीत दिसलं की ते सारखं जात नव्हतं. संध्याकाळी सात-वीस ते सात-चाळीसच्या दरम्यान एकदा जात होतं, अडीच-तीन मिनिटांत येत होतं, आणि दिवसभरात त्याशिवाय अगदी क्षणभराच्या दोनचार उचक्या.

दोन काळ्या खिडक्या

वहीच्या जोडीला संगणकालाही पहाऱ्यावर बसवलं. यासाठी काही विकत आणावं लागत नाही. विंडोजमध्ये स्टार्टला जाऊन "सीएमडी" ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप केली की काळी खिडकी उघडते. तिच्यात "आयपीकॉन्फिग" हा शब्द, अर्थातच इंग्रजी अक्षरांत, टाइप करून एंटर दाबायचं. जी यादी येते तिच्यात "डिफॉल्ट गेटवे"समोर एक आकडा दिसतो, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हा तुमच्या राउटरचा घरातला पत्ता.

आता "पिंग" हा शब्द टाइप करा, जागा सोडा, तो पत्ता द्या, पुन्हा जागा सोडून आडवी रेघ आणि "टी" हे अक्षर. पिंग म्हणजे दारावरची टकटक. संगणक दर सेकंदाला राउटरला विचारतो, "आहेस का?" राउटर म्हणतो, "आहे." आणि उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते शेजारी छापलं जातं. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. "टी"मुळे ही टकटक आपण कंट्रोल आणि सी दाबून थांबवेपर्यंत चालू राहते.

मग दुसरी काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात तसंच पिंग, पण पत्ता ८.८.८.८. हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर, घराबाहेरचा. आकडे इंग्रजीच टाकायचे, मराठी आकडे त्याला कळत नाहीत.

आता दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी ठेवून काम करत राहा. नेट गेलं की त्यांच्याकडे बघा. घरातली टकटक व्यवस्थित चालू आहे आणि बाहेरचीच थांबली, "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येतंय, तर भानगड राउटरच्या पुढे आहे, तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यात. दोन्ही थांबल्या, तर भानगड घरात. दोन्ही सुरळीत चालू आहेत आणि तरी वेबसाइट उघडत नाही, तर तिसराच प्रकार, त्याच्याकडे पुढे येतो.

आणखी एक गोष्ट या खिडकीत वाचता येते. राउटरचं उत्तर वायरवर एका मिलिसेकंदात किंवा त्याहून लवकर येतं, चांगल्या वायफायवर दोन ते दहात. तेच आकडे तीन, दोनशे चाळीस, पाच, नव्वद असे नाचत असतील, तर नेट "गेलेलं" नसलं तरी हवेतला टप्पा आजारी आहे असं समजा. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो, तो बऱ्याचदा यामुळेच.

गुरुवार कोरे

काकांच्या घरी संध्याकाळी दोन्ही खिडक्या एकदम थांबत होत्या. म्हणजे घरातलीच गोष्ट. वहीत आणखी एक मजा होती, तिसरं पान बघेपर्यंत माझ्याही लक्षात आली नव्हती. दोन्ही गुरुवार कोरे होते. गुरुवारी नेट जातच नव्हतं.

मी काकांना विचारलं, गुरुवारी वेगळं काय असतं? काका म्हणाले, काही नाही. स्वयंपाकघरातून मावशी म्हणाली, "गुरुवारी मी दत्ताला जाते, घरी कुठे असते?"

पुढच्या संध्याकाळी मी तिथेच ठाण मांडून बसलो. दिवेलागणीला मावशी आली, हात जोडले, आणि देवघरातल्या विजेच्या माळेची पिन भिंतीवरच्या बोर्डात खुपसली. चट्. बारीकशी निळी ठिणगी. त्याच बोर्डाच्या दुसऱ्या खाचेत राउटरचा अडॅप्टर होता. राउटरचे सगळे दिवे क्षणभर विझले आणि एकेक करून परत लागायला लागले.

बोर्ड जुना, आतली पितळी पट्टी सैल. दुसरी पिन खुपसली की पहिलीची पकड पापणी लवेपर्यंत सुटायची. बल्ब असता तर नुसता लुकलुकला असता. पण राउटर म्हणजे छोटा संगणकच. त्याची वीज क्षणभर गेली तरी तो पहिल्यापासून जागा होतो, कंपनीशी नव्याने ओळख पटवतो, घरातल्या प्रत्येक यंत्राला पत्ते वाटतो. त्यात दोनतीन मिनिटं सहज जातात. तेवढ्यात काकांचा ओटीपी वाया जायचा.

वायरमनने बोर्ड बदलला. माळेला वेगळा पॉइंट दिला.

हे मी एवढं सविस्तर सांगितलं कारण विजेकडे कुणाचं लक्षच जात नाही. अडॅप्टर जुना झाला की त्याच्या आतला वीज साठवणारा भाग म्हातारा होतो. बारा व्होल्ट लिहिलेलं असतं, पण राउटरवर भार वाढला, म्हणजे घरात चारजण एकदम व्हिडिओ बघायला लागले, की तो दमतो आणि राउटर आपोआप बंद होऊन चालू होतो. ओळखायचं कसं? राउटरच्या स्वतःच्या पानावर "अपटाइम" लिहिलेला असतो, तो किती वेळ सलग जागा आहे ते. ब्राउझरमध्ये तोच १९२चा पत्ता टाकला की ते पान उघडतं. राउटरला कुणी हात लावलेला नाही, वीज गेलेली नाही, आणि अपटाइम फक्त वीस मिनिटं दाखवतोय? मग चोर सापडला. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात.

"पण मोबाइलवर तर व्यवस्थित चालत होतं!"

मावशीचं हे पालुपद होतं, आणि त्यावरून काकांच्या संगणकालाच दोष दिला जात होता. खरी गोष्ट अशी की वायफाय गेलं की मोबाइल गुपचूप सिमच्या डेटावर जातो. व्हॉट्सॲप चालत राहतं, रील चालत राहतात, वरच्या कोपऱ्यातलं बारीक चिन्ह बदललेलं कोण बघतो! डेस्कटॉपला सिम नसतं. त्यामुळे घरातलं नेट गेल्याची बातमी फक्त त्यालाच कळते, आणि बातमी देणाऱ्यालाच आपण गुन्हेगार ठरवतो.

तुलनाच करायची तर मोबाइलचा डेटा बंद ठेवून, फक्त वायफायवर, संगणकाच्या शेजारी बसून करा. तरच ती खरी.

"बंद-चालू केलं की नीट होतं, म्हणजे राउटरच बिघडलाय ना?"

नाही, त्यावरून तसं सिद्ध होत नाही. राउटर बंद करून चालू केला की एका झटक्यात बऱ्याच गोष्टी ताज्या होतात. कंपनीशी नव्याने ओळख, नवा पत्ता, वायफायसाठी कदाचित हवेतली नवी वाट, साचलेल्या नोंदी साफ, आणि डबा थोडा थंड. यातल्या कशामुळे बरं वाटलं ते कळत नाही. काढा प्यायल्यावर ताप उतरला, पण त्यात सुंठ होती, गवती चहा होता, तुळस होती, आणि ताप तसाही उतरणारच होता.

म्हणून माझं सांगणं, नेट गेलं की हात लगेच बटणाकडे जाऊ देऊ नका. आधी दोन मिनिटं दिवे बघा, खिडक्या बघा, वहीत लिहा. मग खुशाल बंद-चालू करा.

उन्हाचा मुद्दा मात्र खरा. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर राहतो, आणि आपल्याकडे राउटर कुठे असतो? टीव्हीच्या मागे, बंद कपाटात, किंवा वर क्रोशाचा रुमाल. मावशीने स्वतः विणलेला रुमाल राउटरवरून काढताना मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं तिलाही वाटलं. आता तो टीपॉयवर आहे.

भिंती, आरसे आणि निळं भोक

बोर्ड बदलल्यावर संध्याकाळचं जाणं थांबलं. पण त्या क्षणभराच्या उचक्या तशाच होत्या. घरातल्या पिंगमध्येच मधूनच दोनतीन ओळी गायब. म्हणजे दुखणी दोन होती आणि मोठ्याच्या आड धाकटं लपलं होतं. असं होतं, त्यामुळे एक दुरुस्ती करून फरक पडला नाही तर ती चुकली असं समजायची घाई करू नये.

वायफाय दोन मुख्य पट्ट्यांवर चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. ढोलाचा आवाज भिंतीपलीकडे जातो, मंजिरीचा जात नाही. २.४ म्हणजे ढोल, लांब पोचतं, भिंती बऱ्यापैकी ओलांडतं. ५ म्हणजे मंजिरी, वेगवान आणि स्वच्छ, पण जाड भिंतीपुढे हार खातं. वाड्याच्या विटांच्या दीड-दोन फुटी भिंतींची इथे कसोटीच असते. त्यात वाटेत तांब्या-पितळेच्या हंड्यांची मांडणी, गोदरेजचं कपाट किंवा मोठा आरसा आला तर धातूवरून आणि आरशाच्या पाठीवरून लहरी माघारी फिरतात.

२.४ची दुसरी अडचण म्हणजे गर्दी. त्या पट्टीत एकमेकींवर न चढणाऱ्या वाटा जेमतेम तीन, एक, सहा आणि अकरा क्रमांकाच्या. लागून-लागून घरं असलेल्या वस्तीत वीस-पंचवीस राउटर याच तीन वाटांवर दाटीवाटीने चालतात. रात्री नऊला सगळे घरी असतात आणि सगळ्यांचं एकदम सुरू होतं, म्हणून रात्रीच रडगाणं जास्त. मायक्रोवेव्हसुद्धा २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच काम करतो. दूध गरम करायला ठेवलं की कॉल तुटतो, असं कुणी सांगितलं तर हसू नका, वहीत लिहा.

काकांच्या संगणकाला वायफाय आत बसवलेलं नव्हतं. मागच्या बाजूला यूएसबीच्या भोकात अंगठ्याएवढा डोंगल होता. पत्र्याच्या पेटीच्या मागे, भिंतीला टेकलेला. आणि त्याच्या अगदी शेजारच्या निळ्या भोकात हिशेबांची प्रत ठेवायची हार्ड डिस्क. हे निळं भोक म्हणजे यूएसबी ३.०. त्यातून माहिती धावत असताना जो विद्युत गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या परिसरात पडतो. इंटेल कंपनीनेच २०१२ साली हे मोजून प्रसिद्ध केलं होतं. काका दिवसातून दोनचारदा प्रत काढायचे आणि तेवढ्याच वेळा उचकी लागायची.

एक मीटरची यूएसबी वाढीव वायर आणली, डोंगल पुढे टेबलावर उभा केला. उचक्या बंद. खरं तर सर्वांत उत्तम उपाय वेगळाच होता, राउटरपासून संगणकापर्यंत सरळ लॅनची वायर ओढणं. जे यंत्र जागेवरून हलत नाही त्याला हवेच्या भरवशावर ठेवूच नये असं माझं ठाम मत आहे. शंभर मीटरपर्यंत ती वायर खुशाल जाते. पण मावशीला भिंतीवरून वायर नको होती, आणि घर मावशीचं आहे.

शक्य असेल तर तात्पुरती का होईना, वायर लावून एक दिवस बघा. वायरवर पिंग गुळगुळीत आणि वायफायवर खडबडीत, तर पुढची सगळी चौकशी वायफायचीच करायची. निदान अर्ध्या संशयितांची सुटका होते. फक्त वायरचं प्लगचं टोक नीट बसलंय ना, टक् आवाज आला ना, उंदराने कुरतडलेली नाही ना, एवढं आधी बघा.

"स्पीड टेस्ट तर १०० दाखवतो"

दाखवणारच. स्पीड टेस्ट म्हणजे नळाखाली बादली धरून अर्धा मिनिट मोजलेलं पाणी. मधे दोन सेकंद धार तुटते का, हे बादली सांगत नाही. हिशेबाच्या पोर्टलला किंवा व्हिडिओ कॉलला धार जाड असण्यापेक्षा अखंड असणं महत्त्वाचं. त्यामुळे १०० एमबीपीएसचा प्लॅन ३००चा केल्याने हा रोग जात नाही, फक्त बिल वाढतं.

एका बाबतीत मात्र धार कमी पडू शकते, ती वर जाणारी. कुणाचा फोन रात्री वायफायला जोडला की दिवसभराचे फोटो आपोआप वर चढवू लागतो. वर जायची वाट भरली की तुमच्या बारीकसारीक टकटकीसुद्धा त्या फोटोंच्या रांगेत मागे उभ्या राहतात, आणि सगळं घर खोळंबतं. लग्नसराईत हे हमखास.

दोन्ही खिडक्या चालू, तरी काही उघडत नाही

हा तो तिसरा प्रकार. इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणाला आकड्यांचा पत्ता असतो, आपण मात्र नाव टाइप करतो. नावावरून आकडा शोधून देणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. ही टेलिफोनची डिरेक्टरी. डिरेक्टरीच हरवली तर फोन चालू असून कुणाला लावता येत नाही. कंपनीची डिरेक्टरी अधूनमधून झोपत असेल तर संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरता येतं. पाच मिनिटांचं काम.

"बूस्टर घेतला तर?"

घ्या, पण निदान झाल्यावर. बूस्टर, म्हणजे रिपीटर, जे ऐकतो तेच पुन्हा ओरडतो. त्याला स्वतःलाच तुटक ऐकू येत असेल तर तो तुटकच सांगणार. शिवाय ऐकणं आणि बोलणं एकाच पट्टीवर करणाऱ्या स्वस्त रिपीटरमध्ये वेग साधारण निम्म्यावर येतो. तो ठेवायचा असलाच तर ज्या खोलीत नेट नाही तिथे नाही, तिच्या अलीकडे, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे.

याहून घातक प्रयोग म्हणजे जुना पडून असलेला राउटर नव्याला वायरने जोडून "दुसरं वायफाय" करणं. घरात पत्ते वाटायचं काम एकानेच करायचं असतं. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. जुन्यातलं वाटप बंद केलं नाही तर घरात दोन तलाठी होतात. कुणाला हा पत्ता देतो, कुणाला तो, आणि कधी कुठलं यंत्र अडकेल याचा नेम नाही. काही यंत्रांचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि काहींचा १९२.१६८.० ने सुरू होताना दिसला, की बहुधा हेच झालंय.

संगणकाचा स्वतःचा आळस

लॅपटॉपवाल्यांनी एक जागा जरूर बघावी. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, नेटवर्क अडॅप्टरच्या गुणधर्मांत, पॉवर मॅनेजमेंट नावाचा टॅब असतो. वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करायची मुभा तिथे चौकटीत खूण करून दिलेली असते. ती खूण काढून टाका. काहीच न करता दहा मिनिटं गेली आणि मग नेट सापडेना, असं होत असेल तर बहुधा हेच कारण. विंडोजचा मोठा अपडेट आल्याच्या दिवसापासून सुरू झालं असेल तर वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारी आज्ञावली, तपासा.

वारा

इतकं सगळं झाल्यावर काकांचं नेट सहा महिने निर्वेध चाललं. मग उत्तरायण आलं.

चौदा आणि पंधरा जानेवारीला बडोद्याच्या आकाशात काय असतं ते बडोदेकरांना सांगायला नको. सोळा तारखेला नेट जायला लागलं, पण विचित्र तऱ्हेने, दहा सेकंद, पाच सेकंद, मग तासभर ठीक. काकांनी आपण होऊन रोजमेळ काढला. दोन खिडक्या लावल्या. घरातली टकटक चालू, बाहेरची बंद. आणि डब्यावर "एलओएस" अशी तीन इंग्रजी अक्षरं लिहिलेला दिवा लाल. ही अक्षरं म्हणजे प्रकाश येत नाहीये याची खूण.

काचेच्या तारेला ताण सोसतो, पण घट्ट मुरड सोसत नाही. मुरडीच्या जागी प्रकाश तारेबाहेर गळतो. येणारा प्रकाश डीबीएम या मापात मोजतात, आणि तो राउटरच्या पानावर "आरएक्स पॉवर" म्हणून बऱ्याचदा दिसतो. साधारण उणे आठपासून उणे सत्तावीसपर्यंत ठीक. यात तीनचा फरक म्हणजे प्रकाश निम्मा. उणे वीसचा उणे तेवीस झाला तर किरकोळ वाटतं, पण निम्मा प्रकाश कुठेतरी सांडलाय. काकांकडे तो उणे एकोणीस असायचा. आता कधी उणे चोवीस, कधी उणे एकोणतीस. घरातल्या घरात तार टीव्हीमागे गुंडाळी करून खिळ्याला टांगलेली असेल तर ती आधी मोकळी करून बघावी. सुटलेल्या टोकात डोळा लावून मात्र कधीही बघू नये, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्यात शिरतो.

तक्रार नोंदवताना काकांनी नंबर लिहून घेतला. या नंबराला किंमत आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या २०१२च्या नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार क्रमांक द्यावा लागतो, आणि तिथे समाधान झालं नाही तर कंपनीतल्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र पाठवण्यात वेळ जातो.

दुसऱ्या दिवशी तोच मुलगा आला, लीली लाइटवाला. चपला काढून आत येता-येता सवयीने डब्याकडे बघायला लागला. दिवा अर्थातच हिरवा होता. काकांनी त्याच्या हातात रोजमेळ दिला. मुलाला मराठी वाचता येत होतं, बडोद्यात बऱ्याच जणांना येतं. तारीख, वेळ, दिवा लाल, बाहेरचं पिंग बंद, घरचं चालू. शेऱ्याच्या रकान्यात सात ओळींवर एकच शब्द होता. वारा.

त्याने वही मिटली, पुन्हा चपला घातल्या आणि बाहेर जाऊन समोरच्या खांबाकडे मान वर करून बघितलं. तारेला एक फाटका पतंग लटकला होता, आणि मांज्याच्या गुंत्याने तार खांबाच्या कोपऱ्यावर काटकोनात आवळली गेली होती.